बेहड्याची ढोली

"तुजा पंचा दे," दाजी गुरव हळूच म्हणाले. "आनि आवाज करू नको. मालन जागी आसंल."

मी खांद्यावरचा पंचा काढून दिला. आमच्या घरामागच्या उतारावर, विजेच्या तारांच्या बरोबर खाली, माडगरुडाचा नर मरून पडला होता. पुस्तकात ह्याला धनेश म्हणतात. केवढा थोरला पक्षी! पिवळीधमक चोच, चोचीवर टोपी चढवावी तसं दुसरं पिवळं शिंग, आणि उजव्या पंखाची टोकं जळून काळी पडलेली. चोचीजवळ गवतात चार-पाच उंबरं विखुरली होती. मादीसाठी घशात भरून घेऊन चालला होता, ती बाहेर पडली होती.

"आता हिचं काय व्हनार?" मी म्हटलं.

दाजींना वाटलं, मी ढोलीतल्या मादीबद्दल विचारतोय. मी माझ्या बायकोबद्दल विचारत होतो.

ही गोष्ट शहाण्णव सालची, संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीतली. मालनला तेव्हा सहावा संपत आला होता. त्याआधी दोनदा पाचव्यातच सगळं संपलं होतं, म्हणून ह्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उतरायचीच बंदी केली होती. "आणि तुमच्या त्या रिक्षेत तर मुळीच बसवायचं नाही," असंही त्यांनी मला बजावलं होतं. माझी सहा आसनी रिक्षा वाडीपासून पेठेपर्यंत चालायची, आणि तो रस्ता असा होता की धडधाकट माणूससुद्धा उतरल्यावर कंबर चाचपून बघायचा.

तर मालन दिवसभर माजघरातल्या पलंगावर पडून असायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. खिडकीसमोर फणस, फणसापलीकडे वाघजाईच्या देवराईचा कड, आणि कडेलाच एक जुनाट बेहडा. त्याच्या खोडात माडगरुडाची ढोली. हे पाखरू पिलं कसं वाढवतं ते मालननेच मला दाखवलं. मादी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा आणि नर आणून देईल ती माती लिंपून दार आतून बंद करून घेते. राहते ती बोटभर फट. आत बसून ती पिसं झाडते, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. अंडं उबवायचं, पिलू वाढवायचं, आणि नर फटीतून घालेल ते खायचं. महिनोन्‌महिने. नर आला नाही की खेळ खलास.

एक दिवस मालन हसत म्हणाली होती, "मी आनि ती, दोगी सारख्याच डांबून ऱ्हायलोय. तिचं पार पडलं की माजं पन पडंल बगा."

ती हसत म्हणाली. मी मात्र ते वाक्य छातीवर दगड ठेवावा तसं ठेवून घेतलं. माझा स्वभावच तसा. पाल चुकचुकली तरी मला घाम फुटायचा.

दाजींनी नराला पंच्यात गुंडाळलं. आम्ही दोघांनी त्याला ओढ्याकडे नेऊन पुरलं. दाजी देवीचे गुरव, सत्तरीच्या घरातले, आणि वाडीत माझं मन मोकळं करायला तेवढीच एक जागा होती.

"मालनला बोलू नका," मी म्हटलं. "आत्तेला पन नको. तिच्या पोटात काय ऱ्हात नाय."

"मी कशाला बोलतंय? पन तिनं बगितला नाय ना?"

"फनस आड येतो."

"मंग ठीक हाय. पन ती रोज बगते ना रे त्याची वाट?"

तेच तर. नर सकाळ-संध्याकाळ बेहड्याच्या वाळक्या फांदीवर येऊन बसायचा, आणि ती फांदी खिडकीतून लख्ख दिसायची. मी घरी गेलो. मालन कुशीवर पडून बाहेर बघत होती. मी तिच्या उशाशी बसलो आणि तिने काही विचारायच्या आधीच बोलून मोकळा झालो.

"ऊन वाडलंय ना आता. तो हल्ली भल्या पहाटे येऊन जातो म्हनं. दाजी सांगत व्हते."

मालनने माझ्याकडे पाहिलं. "आसंल," ती म्हणाली.

एवढंच. मला हायसं वाटलं आणि मग लगेच धडकी भरली, की उद्या काय सांगू?

उद्याचं उत्तर एकच होतं. तो येत नाही तर मी जायचं. पण ते झाड देवीचं. आमच्या देवराईत लोखंड न्यायचं नाही, पडलेली काटकी उचलायची नाही आणि काही करायचं झालं तर आधी कौल घ्यायचा. दाजी देवळात गेले, पाषाणाला पाणी लावून दोन्ही बाजूंना तगरीच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की बाई गं, हा तुझा लेक तुझ्याच झाडावर चढून तुझ्याच पाखराला खायला घालतो म्हणतोय, त्याला होय की नाय ते सांग. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एरवी पाकळी पडायला चांगला वेळ लागतो, माणसं तंबाखू मळून खातात तोवर. त्या दिवशी दाजींचं बोलणं पुरं व्हायच्या आत डावी पडली.

"नाय म्हनली," दाजी म्हणाले.

"आवो, पन पाखरू मरंल!"

"ते तिला समजत नाय काय? झाडाला शिवायचं नाय म्हनली. खायला घालू नको आसं कुटं बोल्ली?"

तेव्हा मला आमची घळ आठवली. आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी. बेहडा खालच्या मळीत, म्हणजे बांधाखालच्या सपाट तुकड्यात होता आणि वरच्या बांधावर उभं राहिलं की ढोली जवळजवळ समोर यायची. मी जाळी आणि पातं काढून ठेवलं, काठीला आणखी एक वेळू बांधून लांबवली आणि टोकाला चीर पाडून त्यात उंबर अडकवलं. आंबे खाली आणायच्या काठीने उंबर वर पाठवायचं. माझं मलाच मोठं कौतुक वाटलं.

कौतुक फार टिकलं नाही. एवढी लांब काठी धरायची म्हणजे टोक नुसतं नाचतं. पहिलं उंबर वाटेतच पडलं. दुसरं पडलं. तिसरं कसंबसं फटीपर्यंत गेलं. आतून काहीच नाही. चोच नाही, आवाज नाही. हात भरून आले तसं टोक खाली आलं.

संध्याकाळी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्याचा तुकडा लावून पाहिला, घर सांभाळणाऱ्या माझ्या आत्तेच्या नजरेआड चोरलेला ओला नारळ लावून पाहिला. फटीत काळोख होता तो तसाच. मधूनच आत काहीतरी खसपसलं, म्हणजे जिवंत होती. जिवंत होती आणि उपाशी होती आणि माझ्या हातचं घ्यायला तयार नव्हती.

मी रिक्षा चालवायचो पण लक्ष रस्त्याकडे कमी आणि कडेच्या उंबरांकडे जास्त. चालू फेरीत रिक्षा थांबवून उंबरं वेचायला लागलो तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "काय रे, बायकोला उंबराचे डोहाळे लागले काय?" सगळे हसले. मीही हसलो. आणि आणखी दोन उंबरं वेचून घेतली.

दुपारी घरी आलो तर आत्तेने फर्मान सोडलं, "जेव आनि तिच्याजवळ बस जरा. सकाळपासनं कुटं भटकतोस?" मी मालनजवळ बसलो. तिचे पाय जरा सुजले होते. ते कालही सुजले होते का, आठवेना. मी पायांकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, पुन्हा पायांकडे बघितलं.

"काय बगताय?" ती म्हणाली.

"काय नाय. हलतंय ना?"

"हलतंय. मगाशीच इचारलंत की."

"आनि दुकत नाय ना कुटं?"

"नाय वो." मग खिडकीकडे तोंड करून ती आपली सहज बोलावं तसं बोलायला लागली. "ती मोठी हुशार हाय हां, ढोलीतली. कोन पन आला म्हनून चोच बाहेर काडत नाय. एकदा माकड येऊन बसला तर दिसभर चिडीचूप. तो येतो ना, तो आदी खोडावर चोच आपटतो. दोनदा. ठक ठक. मंग थांबतो जरा. मंग ती चोच काडते. आनि एकेकच देतो तो. घाई नाय करत."

मी ताडकन उठलो.

"काय झालं?"

"रिक्षेचं... रिक्षेचं पेट्रोल बगून येतो," मी म्हटलं आणि बाहेर पडलो. माझी बायको बोलता बोलता नेमकं तेच बोलली जे मला हवं होतं, हे केवढं नशीब, असं म्हणत मी बांधावर पोचलो. काठी उचलली. टोक खोडाजवळ नेलं. आणि तिथेच हात थांबला.

झाडाला शिवायचं नाय.

ठक ठक करायचं म्हणजे शिवायचंच की. काठीने का होईना. आता तुम्ही म्हणाल, काठी टेकली तर देवी काय कोपणार आहे. मीही एरवी तसंच म्हटलं असतं. पण घरात दोनदा पाळणा बांधायची तयारी करून दोनदा सोडून ठेवलेल्या माणसाला असं म्हणता येत नाही. पाखरासाठी देवीचा शब्द मोडला आणि माझ्या पोराचं काही झालं तर? आणि नाही मोडला, पाखरू मेलं आणि मालनने हाय खाल्ली तर? इकडे आड तिकडे विहीर झालं. मी काठी खाली ठेवली आणि दाजींच्या घरी पळालो.

दाजी अंगणात कोकमं वाळत घालत होते. मी सगळं सांगितलं.

"पुन्ना कौल घ्या," मी म्हटलं.

"एकाच गोष्टीला दोनदा देवीला उठवायचं नाय."

"एकच गोष्ट कशी? ते चढायचं व्हतं. हे नुसतं टकटक करायचं हाय."

दाजींनी माझं तोंड बघितलं, कोकमाचे हात धुतले आणि देवळाकडे चालू लागले. पुन्हा पाणी, पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. आम्ही बसलो. पाकळ्या पडेनात. दाजींनी पान लावून खाल्लं. पाकळ्या पडेनात. बाहेर ऊन कलायला लागलं, गाभाऱ्यात घामट गारवा होता, आणि त्या दोन पांढऱ्या पाकळ्या पाषाणाला जशा काही तिथेच उगवल्यासारख्या. माझ्या डोळ्यांसमोर ती बोटभर फट होती आणि तिच्या आतला काळोख.

"दाजी, आवो, ती मरंल."

"मी काय करू? देवी गप हाय."

"मंग मी काय समजू?"

दाजींनी पाकळ्यांवरची नजर काढली नाही. त्यांनाही ते झेपत नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. म्हातारा घामाघूम झाला होता.

"नाय म्हनायचं आसतं तर कालच्यासारखं पटदिशी म्हनली आसती," शेवटी ते म्हणाले. "मला एवडंच कळतं. पुडचं तुजं तू बग. पन मी येतंय तुज्याबरोबर. काय व्हायचं ते दोगांना व्हईल."

आम्ही दोघे बांधावर आलो. दाजींनी काठी मधे धरली म्हणून टोक स्थिर झालं. मी मनातल्या मनात वाघजाईची क्षमा मागितली आणि काठी खोडावर टेकवली. ठक. ठक. मग थांबलो.

काही नाही.

मग फटीच्या काळोखात काहीतरी पिवळं सरकलं. चोचीचं नुसतं टोक. ते बाहेर आलं, डावी-उजवीकडे हललं आणि काठीच्या चिरेतलं उंबर अलगद उचलून आत गेलं. दाजींनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

"एकेकच," मी म्हटलं. "घाई नाय करायची."

सगळी उंबरं संपेपर्यंत आम्ही घालत राहिलो. शेवटचं दिल्यावर मी खाली मळीत उतरून, पडलेली उंबरं वेचायला ढोलीखाली वाकलो, तेवढ्यात वरून सणकन पिचकारी आली. ती पाठ फटीकडे करून घाण बाहेर टाकते, नेम धरून, आणि त्या दिवशी नेम माझ्यावर होता. पाठभर विष्ठा आणि उंबराच्या बिया. मी तसाच उभा राहून हसत होतो. खाल्लेलं पचलं, याची ह्याहून पक्की पावती मला कुणी दिली असती?

घरी मालनने विचारलं, "शर्टाला हे काय?"

"कावळा."

"केवडा गं बाई कावळा!" ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हसली. आत्ते माझ्या नावाने बोटं मोडत शर्ट भिजवायला घेऊन गेली.

मग तोच माझा धंदा झाला. सकाळी उंबरं, मग फेऱ्या, मग उंबरं, मग पुन्हा बांध. वडाची पिकली फळं, कधी दाजींनी पकडून दिलेला सरडा. ढोलीतून पिलाची चिरचिर ऐकू यायला लागली तेव्हा तर मला रिक्षा चालवायला वेळ उरेना. भीती गेली होती असं नाही. झाडाला रोज शिवत होतो, म्हणजे रोज एक नवी भीती होती. मालनची पाठ दुखली की मला ती ठकठक आठवायची. ती झोपली असली की पदर वरखाली होतोय ना ते मी दारातूनच बघायचो आणि निघायचो. पण काम असं होतं की उभं राहून घाबरायला फुरसत नव्हती. मालनचं खाणं सुधारलं होतं, चेहरा भरला होता. ते मी सगळं ढोलीतल्या मादीच्या खात्यावर जमा करत होतो. तिचं नीट चाललंय म्हणून हिचं नीट चाललंय.

आठवा लागला आणि एका सकाळी मी उंबरांची पिशवी घेऊन निघणार तेवढ्यात आत्तेने हाक मारली. साधी हाक नव्हती ती. आत गेलो तर मालन पलंगाची दांडी धरून बसली होती, ओठ पांढरे, आणि चादरीवर रक्त होतं.

पेठेतल्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी काय केलं ते मला खरंच सांगता येत नाही. आत्ते सांगते, मी अंगणात फेऱ्या मारत "ठक ठक नको होतं करायला" असं काहीतरी बरळत होतो. गाडीत मालनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने एकदाही आवाज केला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. मुलगी झाली. मुठीएवढं डोकं, लालबुंद, आणि रडली ती इतकी बारीक की मला वाटलं, दुसऱ्या खोलीतलं मांजर. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

"जगेल ना?" मी विचारलं.

"आत्ताच काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "अजून दूध ओढत नाही ती. ते ओढायला लागली की मग बघू. तुम्ही असे समोर उभे राहू नका. बसा कुठेतरी."

दुपारनंतर मालनला शुद्ध आली. मी खाटेजवळ उभा होतो. तिने डोळे उघडले, मुलीचं विचारलं, मी सांगितलं.

"तुमी गेला नाय?" ती म्हणाली.

"कुटं?"

"ती सकाळपासनं उपाशी आसंल."

"कोन?" मी म्हटलं. "तिचा नर घालतो की. तो पहाटेचा..."

"पुरे वो आता," मालन म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, पण चिडलेला नव्हता. "तो तारेवर पडला तवा मी खिडकीतच व्हते. निळा जाळ दिसला. तुमी आनि दाजीकाकांनी त्याला पंच्यात घालून नेलात, ते पन बगितलं. फनसाच्या मदनं सगळं दिसतं."

मी खाटेची कड धरली.

"मंग बोलली नाय का? आनि ते चोच आपटायचं, ते..."

"तुमाला कळावं म्हनून बोल्ले. दोन दिस बांधावर धडपडताना दिसत व्हतात."

"आगं, पन एवडा धक्का तू एकटीनं... मी तर तुजा जीव घाबरू नये म्हनून..."

"माजा जीव पाखरापायी नव्हता घाबरत." ती थांबली. टाके ओढले जात असावेत, तोंड वाकडं झालं. "तुमी दिवस-दिवस समोर बसून माज्या पोटाकडं बगत व्हतात. मागच्या दोन खेपांना पन तसंच. तुमचे डोळे बगितले की वाटायचं, झालं, गेलं हे पन. मला दम घ्यायला यायचा नाय. तुमी उंबरं गोळा करायला लागलात आनि मला झोप लागायला लागली."

मला खूप लागलं ते. खोटं कशाला सांगू. इतकी धावाधाव कुणासाठी केली होती मी, आणि तिला मी घराबाहेर हवा होतो. पण त्याही क्षणी मी तिच्या पोटावरच्या पट्टीकडेच बघत होतो.

"जा," ती म्हणाली. "हितं उबं ऱ्हाऊन तुमी काय करनार? पोरीला दूध पाजनारी नर्स हाय. तिला कोन हाय?"

मी गेलो. पेठेतून मिळेल त्या ट्रकने वाडीच्या फाट्यावर उतरलो आणि पळत बांध गाठला. सकाळची पिशवी अंगणातच पडली होती, ती उचलून घेतली होती. काठी घेतली आणि वर बघितलं.

ढोलीचं दार फुटलं होतं.

मातीच्या खपल्या खाली मळीत विखुरल्या होत्या. फटीच्या जागी चांगलं हातभर भोक. मी ओरडलो की काय कुणास ठाऊक, पण दाजी देवळाकडून धावत आले. मी एक दिवस चुकलो आणि ती भुकेने भिंत फोडून बाहेर पडली, पिलाला टाकून गेली. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. पेठेत काचेच्या पेटीत ती मुठीएवढी मुलगी आणि इथे हे उघडं भोक.

"गप," दाजी म्हणाले. "वर बग."

वाळक्या फांदीवर मादी बसली होती. इतके दिवस मी तिची नुसती चोच बघितली होती. आता अख्खी दिसली. शेपटीची पिसं अर्धी वाढलेली, अंगाचा रंग मळलेला. ती फांदीवरून उठली, धडपडत, मोठा आवाज करत ओढ्याकडच्या उंबरावर गेली आणि थोड्या वेळाने परत आली. येऊन ढोलीशी बिलगली. आतून एक लहान, फिकट चोच बाहेर आली. मादीने तिच्यात एक उंबर ठेवलं. मग दुसरं. घाई केली नाही.

ती उडून गेल्यावर आम्ही जे पाहिलं ते दाजींनी त्यांच्या सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला कुणी सांगितलं असतं तर मी थट्टा समजलो असतो. पिलू आतून दार लिंपत होतं. त्या इवल्या चोचीने, आपल्याच विष्ठेने, भोकाच्या कडेला थापत, थांबत, पुन्हा थापत. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. आई बाहेर होती आणि त्याने आपलं दार आपण बंद करायला घेतलं होतं.

"वाघजाई माज्ये," दाजी म्हणाले आणि खाली बसले.

मी काठी हातात धरून उभा होतो, टोकाला उंबर. ते तसंच राहिलं. थोड्या वेळाने मी ते काढलं, पिशवीतली बाकीची उंबरं बांधावर ओतली आणि पेठेचा रस्ता धरला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. वऱ्हांड्यात नर्स भेटली. "तुमच्या मुलीने दूध ओढलं हो," ती म्हणाली. "थेंबभरच, पण ओढलं. बाई म्हणतात, आता पुढचं बघू." मी मान हलवली. तसाच आत गेलो.

मालन जागी होती.

"खाल्लं तिनं?" तिने विचारलं.

"ती बाहेर आली," मी म्हटलं. "दार फोडून. पिलाला तीच घालते आता. पिलानं परत दार लावून घेतलंय." मग म्हटलं, "तिला आता माजी गरज नाय."

मालन माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होतो, तोंडाकडे. किती दिवसांत बघितलं नव्हतं. तिने पाय जरासे आकसून खाटेवर जागा केली.

"मंग बसा आता हितं," ती म्हणाली.